डबीने केसरबाई सुधारतात का?

संगणकाच्या यूएसबीला जोडायची हेडफोनची डबी मी जोखली ती केसरबाई केरकरांच्या ‘जात कहाँ हो’वर, १९७७ साली व्हॉयेजरबरोबर अंतराळात गेलेली तीच भैरवी. संगणकातल्या विजेची बारीक गुणगुण डबीने घालवली, हे श्रेय तिचे. जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखर मात्र जागची हलली नाही. सीडीच्या १६ बिटांत ९६ डेसिबलांची ऐसपैस जागा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला तिच्यातली निम्मीही लागत नाही!

‘आवाज खुलतो’ म्हणणाऱ्यांनी आधी दोन्हीकडची पातळी सारखी करावी. जरा मोठे ते कानाला गोडच लागते. मी तशी केली, सौ.ला माझ्या नकळत अदलाबदल करायला लावली. गुणगुण नसलेल्या दुसऱ्या संगणकावर मला फरक ओळखता आला नाही. अशांनी ते डॉलर इथे लंडनमध्ये तळघरांत पडलेल्या मैफलींच्या कॅसेटी उतरवून घेण्यावर खर्चावेत. फीत थांबत नाही.