रुमाल टाकलेली जागा

मराठीत समीक्षा होते ती कथा-कविता-कादंबऱ्यांची. ज्या संग्रहाच्या तीनशे प्रती खपता खपत नाहीत त्याच्यावर दोन-दोन परिसंवाद झडतात. पण बँकेतले कारकून, पंचायत समितीतले बाबू आणि शाळेतले सर जे सकाळी उघडतात आणि संध्याकाळी डोळे चोळत मिटतात, त्या एक्सेलवर चार ओळी खरडायला एक टीकाकार पुढे येईल तर शपथ! वास्तविक एक्सेलमध्ये काय नाही? पात्रं आहेत, पसारा आहे, आणि शेवटच्या ओळीत ताळा जमला नाही तर चांगली खणखणीत शोकांतिका आहे. मी पडलो बी.कॉम. साहित्यावर बोलायचा मला अधिकार नाही, पण ताळ्यावर आहे. तेव्हा या ग्रंथाच्या सर्वांत वादग्रस्त आवृत्तीचं, म्हणजे एक्सेल २००७ चं परीक्षण मीच करून टाकतो. फार उशीर झाला म्हणाल, तर आमच्या सेनगावला ती आवृत्तीच उशिरा पोचली.

कथानक थोडक्यात असं. २००३ च्या आवृत्तीपर्यंत पडद्यावर सगळ्यात वर एक साधी ओळ असे : फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट वगैरे. प्रत्येक शब्दातल्या एका अक्षराखाली रेघ. आल्ट दाबायचा, मग ती अक्षरं दाबत जायची, की माऊसला बोट न लावता काम फत्ते. २००७ मध्ये ती ओळ गेली आणि तिच्या जागी रिबन नावाची भलीथोरली रंगीत पट्टी आली. त्याच वेळी तक्त्याच्या ओळी ६५,५३६ वरून १०,४८,५७६ झाल्या आणि रकाने २५६ वरून १६,३८४. हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांतले खातेदार झाडून एका तक्त्यात बसावेत आणि वर पाहुण्यांसाठी जागा उरावी! घर प्रशस्त झालं यात वाद नाही. फक्त स्वयंपाकघर कुठे गेलं ते सापडेना.

आता ज्याचं बोट भाजलं त्याची गोष्ट. आमच्या शाखेत एक सीनियर होते, त्यांना आम्ही सगळे काका म्हणत असू. सूत्रं घातलेला रकाना उचलून दुसरीकडे चिकटवला तर सूत्रंही सोबत जातात आणि नव्या जागी भलतेच आकडे दाखवतात. वऱ्हाडाबरोबर न बोलावलेली मंडळी यावीत तसं. त्यावर उपाय एकच : नुसते आकडे चिकटवायचे, सूत्रं नाहीत. त्यासाठीचा मंत्र म्हणजे आल्ट, ई, एस, व्ही, एंटर. काकांच्या डाव्या हाताला तो मुखोद्गत होता. हाताला मुख असतं तर. म्हणजे तोंडी विचारलं तर त्यांना सांगता येत नसे. ते आधी टेबलावर बोटं वाजवून बघत आणि मग म्हणत, "ई, एस, व्ही." जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या शाखेतून त्यांना फोन यायचे. बढती न घेतलेल्या माणसाला एवढा मान पुष्कळ असतो.

८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपी आणि ऑफिस २००३ या दोघांचाही आधार एकदमच काढला. त्यानंतर आमच्याकडे नवी यंत्रं आली आणि त्यांच्यात रिबनवाली आवृत्ती. वरच्या कार्यालयाचं परिपत्रकही आलं : कर्मचाऱ्यांनी अद्ययावत प्रणाली तात्काळ आत्मसात करावी. कशी, ते लिहिलं नव्हतं. 'तात्काळ' मात्र ठळक होतं. नव्याने लागलेल्या एका मुलाने काकांना शिकवलं : आधी होम, मग पेस्टखालचा बाण, मग व्हॅल्यूज. काकांनी ते वहीत लिहून घेतलं. फोन बंद झाले.

पुढे २०१७ ची कर्जमाफी आली. ३० जून २०१६ ची थकबाकी, दीड लाखाची मर्यादा, आणि याद्या अशा की रकाने मोजायलाच एक माणूस बसवावा. काउंटरपुढे सोयाबीन टाकून आलेले लोक तासन्तास उभे. अशा एका संध्याकाळी, घाईत, काकांच्या हाताने त्यांना न विचारताच जुना मंत्र म्हणून टाकला. आणि आकडे चिकटले! पडद्यावर क्षणभर एक छोटी चौकट आली होती. जुन्या आवृत्तीतली अक्षरं अशीच पुढे दाबत राहा, अशा अर्थाची.

म्हणजे मंत्र सगळा वेळ चालू होता. तीन वर्षं वही बघून माऊस फिरवला तो उगीच.

इथून खरी समीक्षा सुरू होते. रिबनवरची अक्षरं नीट बघा. डेटाला डी द्यायला हवं, दिलं ए. इन्सर्टला आय हवं, दिलं एन. फॉर्म्युलाजला तर एम! पहिल्यांदा वाटतं, नाव ठेवणाऱ्याचं इंग्रजी आमच्यासारखंच असावं. पण तसं नाही. ई, आय, ओ, टी, डी ही जुन्या मेनूंची अक्षरं मुद्दाम मोकळी सोडली आहेत. हिंगोलीला जाणाऱ्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसं. या कल्पनेला मी शंभरपैकी नव्वद गुण देतो. आणि त्यातले पन्नास लगेच कापून घेतो, कारण जागा धरली आहे हे माणसाला सांगायचं राहिलं. चौकट दिसते कधी, तर जुनं अक्षर दाबल्यावर. म्हणजे 'तुमची जागा ठेवली आहे' ही चिठ्ठी त्या जागेवरच ठेवलेली, आणि माणूस पिशवी घेऊन दारात उभा.

शिवाय रुमाल सगळ्यांसाठी नव्हता. एफ, डब्ल्यू आणि एच या जागांवर नवे प्रवासी बसले. तक्ता खाली सरकवला तरी मथळे वर टिकून राहावेत म्हणून पूर्वी आल्ट, डब्ल्यू, एफ करत. आता तिथे आणखी एक एफ लागतो. एका अक्षराचा काय तो फरक! पण मथळे निघून गेले, चारशेव्या ओळीवर दोन आकडे शेजारी शेजारी उभे आहेत आणि समोरचा म्हातारा विचारतोय, "साहेब, ह्यातलं मुद्दल कोन्तं अन् व्याज कोन्तं?" अशा वेळी त्या एका एफची किंमत कळते.

याउलट परक्या घरच्या पाहुण्यांची या एक्सेलने ठेवलेली बडदास्त पाहा. १९८३ साली लोटस १-२-३ नावाचा तक्ता बाजारात आला. त्यात तिरपी रेघ दाबली की मेनू उघडे. त्या घरचे लोक आपल्याकडे यावेत म्हणून एक्सेलने ती रेघ मान्य केली. आजही कोऱ्या घरात ती दाबा, वरची अक्षरं जागी होतात. लोटसने १९०० हे साल लीप वर्ष धरलं होतं. ते लीप नव्हतं, शंभराने भाग जातो पण चारशेने जात नाही. तरी पाहुण्यांच्या तारखा हलू नयेत म्हणून एक्सेलने ती चूकसुद्धा जशीच्या तशी सांभाळली. २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख तिथे अजून सुखाने नांदते आहे. आमच्याकडे एखाद्या ठेवपावतीवर ती आली असती तर ऑडिटरने शाखा डोक्यावर घेतली असती.

ज्यांची बोटं अजून अडखळतात त्यांच्यासाठी : आल्ट दाबून सोडा आणि थांबा, पट्टीवर अक्षरं उमटतात, ती वाचत जा. नेहमीचं काम वरच्या छोट्या पट्टीत टाकून ठेवलं तर आल्ट-१, आल्ट-२ एवढ्यावर भागतं. आणि हल्ली मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये नुसते आकडे चिकटवायला कंट्रोल-शिफ्ट-व्ही आलं आहे.

हे आलं तोवर काका निवृत्त झाले होते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आले तेव्हा मी त्यांना नवं करून दाखवलं. त्यांनी काउंटरवर डावा हात ठेवला, बोटं एकदा वाजवून पाहिली, आणि विचारलं, "शिफ्ट कोणत्या बोटानं दाबायचं?"