झिजलेल्या पट्ट्या

नाट्यसंगीताची समीक्षा बहुधा गायकापासून सुरू होते आणि गायकापाशीच संपते. साथीचे वाद्य कोणत्या अवस्थेत होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. खमरियातील नाट्यपदांच्या एका बैठकीत आम्हांस तो प्रश्न पडला. गायक तान संपवून समेवर येई, तरी ऑर्गनचा आधीचा स्वर मागे रेंगाळे. आणि श्रोते बोल लावीत ते गायकाला.

१९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांनी ऑर्गनला मराठी रंगभूमीवर मानाचे स्थान दिले. हा चर्चमधील नळ्यांचा ऑर्गन नव्हे. यात पायांनी भाता चालवावयाचा. पट्टी दाबली की झडप उघडते आणि वाऱ्याने पितळी रीड बोलते. स्वर पट्टीत नसतोच. ती केवळ वाऱ्याची वाट उघडते व मिटते. परंतु साथीदाराचे कौशल्य त्या मिटण्यातच असते. पट्ट्यांची छिद्रे सैल झाली, खालचे अस्तर झिजले, की एक पट्टी खोल दबते, दुसरी अडकून राहते.

आपल्याकडे या झिजेला आणखी एक अर्थ आहे. आपला गायक एकच षड्ज धरून गातो, आणि त्याच्या गळ्याची उंची आपण 'काळी एक', 'काळी चार' अशी पट्टीनेच सांगतो. एकाच गायकाच्या साथीत वर्षे काढलेल्या वाद्यावरचे खळगे म्हणजे त्याच्या गळ्याचा मागच होय. त्या पट्ट्या काढताना रसिकांस हळहळ वाटते, ती आम्ही समजू शकतो.

तथापि जुन्या वाद्यास हातच लावू नये, हे मत आम्हांस मान्य नाही. ते टाकून इलेक्ट्रॉनिक वाद्य आणावे, हेही नाही. रीड आणि भाता मूळचेच ठेवावेत; पट्ट्या मात्र त्याच मापाच्या आणि त्याच दाबाच्या नव्या बसवाव्यात. हस्तिदंताचा हट्ट नको. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय १९८९ सालीच झाला आहे. काढलेल्या पट्ट्या जपून ठेवाव्यात.

आयुधनिर्माणीत आयुष्य घालविलेल्या वाचकांस यात नवे काही वाटू नये. भाग झिजला म्हणून ते यंत्र मोडीत काढीत नाहीत, आणि यंत्र जुने म्हणून झिजलेला भाग त्यात राहू देत नाहीत. वाद्याची एवढी निगा राखल्यावर गायकाच्या गुणदोषांचा निवाडा खुशाल करावा.