अभावजन्य विकारांचा तक्ता : काही आक्षेप

'अ' जीवनसत्त्व नसेल तर रातांधळेपणा, 'क' नसेल तर स्कर्व्ही, 'ड' नसेल तर मुडदूस, लोह नसेल तर पांडुरोग. हा तक्ता आपण वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. तो चुकीचा नाही. पण एक घटक कमी पडला की एक रोग होतो, आणि तो घटक दिला की रोग जातो, अशी समजूत त्यातून पक्की होते. आमचा आक्षेप तिला आहे.

पालघर जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, शेजारी बोईसरची औद्योगिक वसाहत आहे. याच जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात, वावर-वांगणी येथे १९९२ साली कुपोषित बालके दगावली. अशा मुलाला एकच घटक कमी पडत नाही. ऊर्जा, प्रथिने, लोह, जस्त सारेच अपुरे असते. त्यात जुलाब-ताप आला की भूक मरते. भूक मेली की प्रतिकारशक्ती घटते. हे चक्र तक्त्यात दिसत नाही.

ओळखायचे कसे, हेही तक्ता सांगत नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमीहून कमी असेल तर कुपोषण तीव्र; ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम. दोन्ही पावले अंगठ्याने दाबून सोडल्यावर खळगा राहिला, तर ती सूज आहे. सुजेतील पाण्यामुळे वजन भरते, म्हणून नुसता वजनकाटा फसवतो.

उपचारात तर तक्ता दिशाभूलच करतो. तीव्र कुपोषणात शरीराचे सारे व्यवहार मंदावलेले असतात. एकदम भरपूर खाऊ घातले तर हृदयावर ताण येऊन जीव जाऊ शकतो. म्हणून रुग्णालयात आधी १०० मिलिलिटरला ७५ कॅलरी देणारे दूध, थोडे थोडे, रात्रंदिवस देतात. भूक परतल्यावर १०० कॅलरींचे. जंतुसंसर्गावर औषध सुरुवातीलाच. लोह मात्र वजन वाढू लागल्यावरच. सूज असलेले, न खाणारे किंवा आजारी मूल पोषण पुनर्वसन केंद्रातच न्यावे.

अंगणवाडीची कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच भागात, १९४५ नंतर बोर्डीला रुजवली. तक्ता शिकवावाच, पण त्यानंतर नववी-दहावीच्या मुलांना अंगणवाडीताईंबरोबर दंडाचा घेर मोजायला न्यावे. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले सहज नजरेआड होतात. ती आधी मोजावीत.