शांति-अध्ययन ‘आणि’ दुसरी विद्याशाखा

पीएच.डी.च्या पातळीवर शांति-अध्ययनाला दुसऱ्या विद्याशाखेची जोड देण्याची प्रथा काही विद्यापीठांनी स्वीकारली आहे. अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठाच्या क्रॉक संस्थेत (स्थापना १९८६) ही पदवी इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, मानवशास्त्र किंवा ईश्वरविद्या यांपैकी एका विषयासह घ्यावी लागते. या योजनेतील ‘आणि’ या उभयान्वयी अव्ययाचा अर्थ काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्याचे दोन अर्थ संभवतात. दुसऱ्या शास्त्राने आधीच ठरलेल्या निष्कर्षाला उदाहरणे पुरवावीत, हा एक. त्या निष्कर्षाची परीक्षा घेऊन प्रसंगी तो नाकारावा, हा दुसरा. संयुक्त पदवीचे समर्थन केवळ दुसऱ्या अर्थाने होऊ शकते.

योहान गाल्टुंग यांचे प्रतिपादन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. १९६९ मध्ये त्यांनी रचनात्मक हिंसेची कल्पना विशद केली. १९९० मध्ये त्यांनी तिला सांस्कृतिक हिंसेची जोड दिली : प्रत्यक्ष किंवा रचनात्मक हिंसेला समर्थनीय ठरविण्यासाठी संस्कृतीची जी अंगे वापरता येतात, ती सांस्कृतिक हिंसा. या अंगांत त्यांनी भाषेचाही समावेश केला. इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच यांसारख्या भाषांत ‘पुरुष’ आणि ‘मानव’ यांना एकच शब्द असल्यामुळे स्त्रिया अदृश्य होतात, असे ते दाखवितात.

हेतू स्तुत्य आहे. अनुमान मात्र कच्चे आहे. फारसी व बंगाली या भाषांत व्याकरणिक लिंगभेद नाही; सर्वनामदेखील स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच आहे. म्हणून त्या भाषिकांच्या समाजांत स्त्रीपुरुषसमता नांदते, असे कोण म्हणेल? भाषेच्या घडणीवरून समाजातील हिंसा थेट वाचता येत नाही. गाल्टुंग यांच्याच व्याख्येत ‘वापर’ हा शब्द कळीचा आहे. तेव्हा पुरावाही वापरातूनच यावयास हवा.

एक मराठी उदाहरण घेऊ. ‘जमावाने दगडफेक केली, त्यानंतर गोळीबार झाला.’ पहिल्या वाक्यात कर्ता उघड आहे, दुसऱ्यात कृती करणारा लुप्त. परंतु ‘झाला’ हे क्रियापद दोषी नव्हे. ‘पाऊस झाला’ यातही तेच आहे. कोणत्या पक्षाच्या कृतीचा कर्ता सांगितला जातो आणि कोणाचा गाळला जातो, हे अनेक वृत्तांतांतून मोजले, तरच आरोप सिद्ध होईल. कदाचित होणारही नाही. ही दुसरी शक्यता खुली नसेल, तर ते संशोधन नव्हे.

वरील सहा विषयांत भाषाविज्ञान नाही, याची खंत वाटते. तथापि उद्या त्यास स्थान मिळाले, तर त्याने होकार देण्यापुरते तेथे बसू नये. शांततेविषयीची आस्था संशोधकाला विषय देते. प्रमाण देत नाही. ते त्याने आपल्या शास्त्राकडूनच मिळवावयाचे असते.