शेणखताचा अर्धाच हिशेब

‘शेणखताने जमीन सुधारते’ हे विधान पाठात आले, की त्याला आधार काय, असे विद्यार्थ्यांनी विचारायला हवे. आधार भक्कम आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर, सोयाबीन-करडई या पीकक्रमात, २००६-०७ मध्ये दीर्घ मुदतीचा खतप्रयोग सुरू झाला. काही वाफ्यांना रासायनिक खते, काहींना त्यांच्या जोडीला शेणखत आणि तुलनेच्या वाफ्यांना काहीच नाही, अशी त्याची मांडणी आहे.

मुदत लांब हवी, कारण शेणखताचा परिणाम सावकाश होतो आणि सावकाशच ओसरतो. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे बार्लीच्या एका वाफ्याला १८५२ ते १८७१ पर्यंत शेणखत दिले, मग थांबवले. शंभर वर्षांनंतरही तेथील मातीत सेंद्रिय कर्ब कधीच खत न मिळालेल्या वाफ्यापेक्षा जास्त भरला.

या प्रयोगांतील मोजमाप चोख असते. आक्षेप आहे तो त्यावरून सर्रास काढल्या जाणाऱ्या निष्कर्षावर. वाफ्यात वाढलेला कर्ब आला कोठून? तो गाईने निर्माण केला नाही. गवताने आणि कडब्याने तो हवेतून घेतला होता. त्यातला बराचसा गाईच्या श्वासावाटे गेला. उरला तो उकिरड्यावरून शेतात आला. नत्र, स्फुरद, पालाश यांचा प्रवासही याच वाटेने होतो. गुरे गायरानात चरतात आणि शेण गोठ्यात पडते, तेव्हा शेताच्या जमेला जे दिसते ते गायरानाच्या खर्ची पडलेले असते. रानात पडलेले शेणही गोवऱ्यांसाठी वेचले, तर गायरानाला परत मिळते ते फारच थोडे. हिशेबाची ही दुसरी बाजू वाफ्यात दिसत नाही.

शिवाय शेतात खत कुजवून सारखे पसरतात, कुरणात ताज्या शेणाचा पो पडतो. त्याखालचे गवत पिवळे पडते, भोवतीचे तरारते आणि गुरे ते काही काळ टाळतात. पो मातीत मिसळण्याचे काम शेणकिडे करतात. ऑस्ट्रेलियातील स्थानिक किड्यांना गुरांचे शेण आवरेना, म्हणून तेथे १९६८ पासून परदेशी शेणकिडे सोडावे लागले. तेव्हा पिकाच्या वाफ्यातील आकडे कुरणाला जसेच्या तसे लावू नयेत.

शाळेजवळच्या गायरानात सारख्या चौरसांच्या पाच-सहा जोड्या आखाव्यात. प्रत्येक जोडीतील एका चौरसात शेण राहू द्यावे, दुसऱ्यातील उचलावे. दरवर्षी पावसाळ्यानंतर दोन्हींतील गवत कापून, वाळवून तोलावे आणि नोंदवही पुढच्या तुकडीकडे सोपवावी. एका वर्षात उत्तर मिळणार नाही, हेही विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच सांगावे.