वलांडी हिशेबात कधी येणार?

मच्छीमारीवर बोलायला बसलो की आपण बोट, जाळं, डिझेल आणि बर्फ यांच्या पुढे जात नाही. बहुतेक योजनांचा विचारही त्याच वाटेनं जातो. आमचा आक्षेप यालाच आहे.

वसईजवळचं अर्नाळा बेट घ्या. किल्ला, भोवती कोळ्यांची वस्ती आणि किनाऱ्यावर यायला होडी. डोल जाळ्यात सापडणारा बोंबील म्हणजे बहुतांशी पाणीच. तो काही तासांत नरम पडतो. त्यामुळे ओला माल विकताना बेटावरच्या माणसाला घासाघीस करायला उसंत नसते. भरती-ओहोटी बघायची, होडी गाठायची, आणि समोरचा देईल तो भाव घ्यायचा.

तोच बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं वलांडीवर, म्हणजे बांबू-दोरीच्या मांडणीवर टांगला आणि दोन-तीन दिवस ऊन-वारा लागला, की काही महिने टिकतो. वजन घटतं खरं, पण विकणाऱ्याला थांबता येतं. पावसाळी बंदीत बोटी वर ओढलेल्या असतात तेव्हा घर चालतं ते या सुक्या मालावर.

हे थांबणं मुख्यतः बाईच्या हातात असतं. निवडणं, टांगणं, साठवणं, बाजारात बसून भाव धरणं, सगळं तिचं. म्हणून कोळीवाड्यात पैशाच्या व्यवहारात तिचा शब्द चालतो. पण नुसतं कौतुक करून भागणार नाही. घरच्या बाईच्या या कष्टांची मजुरी हिशेबात धरतं कोण? बोटीला नोंदणी क्रमांक असतो, वलांडीला नसतो. अवकाळी सर आली, माल कुजला, तर नुकसान दाखवायला तिच्याकडे कागद कुठला?

2020 साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शीतसाखळी आणि मूल्यवर्धन यांवर भर आहे. शीतगृह नको, असं आम्ही म्हणत नाही. पण त्याची किल्ली ज्याच्याकडे, थांबायची ताकदही त्याच्याकडे जाते. वलांडी तिची स्वतःची असते, हा फरक लहान नाही.

तेव्हा कुठल्याही योजनेला आपण आधी तीन गोष्टी विचारू या: सुकवायची जागा कुणाच्या नावावर? पाऊस आला तर माल झाकायची सोय काय? आणि भाव ठरवणार कोण? या तिन्हींच्या उत्तरात ती बाई नसेल, तर बेटावर आलेला विकास दुसऱ्याच कुणासाठी आला, असंच म्हणावं लागेल.