शास्त्रसंवाद आणि प्रतिप्रश्न

राजशेखरानें आपल्या ‘काव्यमीमांसें’त एक मनोहर रूपक योजिलें आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष देशोदेशीं हिंडत असतां साहित्यविद्यावधू त्याच्या मागोमाग जाते, आणि अखेरीस विदर्भांतील वत्सगुल्म नगरीं उभयतांचा विवाह होतो. हें वत्सगुल्म म्हणजेच आजचें वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच भूमीवर हल्लीं दुसऱ्या एका विवाहाची खटपट चालू आहे. एका पक्षीं प्रयोगशाळेंतलें शास्त्र आहे, दुसऱ्या पक्षीं शेतकऱ्याची बोली. ही सोयरीक जुळविण्यासाठीं जो मध्यस्थ नेमला आहे, त्याचें नांव ‘तज्ज्ञांशीं संवाद’. त्याच्या गुणदोषांचा विचार आम्ही येथें करणार आहों. आणि तो एक वाङ्मयप्रकार म्हणून करणार आहों, कारण संवाद हा आधीं भाषेचा व्यवहार आहे, मग शास्त्राचा.

संवादाच्या द्वारें शास्त्र सांगण्याची रीत नवी नव्हे. गॅलिलिओनें विश्वरचनेवरील आपला १६३२ सालचा ग्रंथ तीन गृहस्थांच्या चार दिवसांच्या संभाषणाच्या रूपानें लिहिला, आणि तोही पंडितांच्या लॅटिनमध्यें नव्हे, तर लोकांच्या इटालियन भाषेंत. १८०६ सालीं जेन मार्सेट या बाईंनीं रसायनशास्त्रावरील संभाषणें प्रसिद्ध केलीं; त्यांत एक शिक्षिका आणि तिच्या दोन शिष्या बोलतात. पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करणारा मायकेल फॅरडे तें पुस्तक वाचून रसायनाकडे ओढला गेला आणि पुढें मोठ्या कीर्तीस चढल्यावरही त्या बाईंचें ऋण मानीत राहिला. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हरि केशवजी यांनीं पदार्थविज्ञानावरील संवाद इंग्रजींतून मराठींत आणिले; म्हणजे मराठीचें शास्त्रीय गद्य बाल्यावस्थेंतच प्रश्नोत्तरें बोलूं लागलें होतें. या ग्रंथांचें बळ कशांत आहे? उत्तर देणारा विद्वान आहे, एवढ्यांत तें नाहीं. विचारणारा पहिल्या उत्तरानें गप्प बसत नाहीं, यांत तें आहे. त्याची शंका खरी असते, म्हणून उत्तर देणाऱ्यास आपलें म्हणणें पुनः तपासून, पुरावा दाखवून मांडावें लागतें. संवादाचा प्राण प्रश्नांत नसून प्रतिप्रश्नांत आहे.

हें माप हातीं घेऊन वाशीम जिल्ह्याकडे पाहूं. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा मुख्यतः पावसाच्या पाण्यावर शेती करतो, आणि सोयाबीन व तूर हीं त्याचीं खरीपाचीं मुख्य पिकें. रिसोड तालुक्यांतील करडा येथें कृषि विज्ञान केंद्र आहे. शेजारीं अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ आहे. २००४ सालापासून शेतकऱ्यास दूरध्वनीवरून फुकट सल्ला मिळण्याची सोय आहे, आणि त्याच सालीं आकाशवाणीवर ‘किसानवाणी’ सुरू झाली. २०२५ सालीं, २९ मे ते १२ जून या पंधरवड्यांत, ‘विकसित कृषि संकल्प अभियाना’च्या निमित्तानें देशभर शास्त्रज्ञांचीं पथकें पेरणीपूर्वीं गांवोगांव गेलीं. शास्त्रज्ञानें खुर्ची सोडून बांधावर यावें, ही गोष्ट लहान नव्हे. ज्यांनीं ही योजना केली त्यांस आम्ही मनापासून धन्यवाद देतों.

परंतु धन्यवाद देऊन टीकाकाराचें काम संपत नाहीं. अशा मेळाव्यांत व मुलाखतींत पुष्कळदां रूप संवादाचें आणि आशय व्याख्यानाचा, असा प्रकार आढळतो. प्रश्न आधींच ठरलेला असतो. उत्तर घडीपत्रिकेंतून उचललेलें असतें. ‘अन्नद्रव्य व्यवस्थापन’, ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ असले शब्द श्रोत्यांच्या डोक्यावरून जातात. आणि शेवटीं आभार मानून सतरंजी गुंडाळली जाते. पत्रिकेचे दोन तुकडे करून ते दोन तोंडीं घातले म्हणजे संवाद होत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. श्रावणाच्या सुमारास शेतकरी विचारतो, ‘सोयाबीन पिवळें पडलें, काय मारूं?’ हा प्रश्न एक दिसतो, पण त्याच्या पोटीं निदान तीन प्रश्न आहेत. पानावर हिरवे-पिवळे डाग मिसळलेले असतील, तर तो पांढऱ्या माशीनें पसरविलेला विषाणूचा ‘पिवळा मोझॅक’ असण्याचा संभव. त्यावर औषध नाहीं. रोगट झाडें उपटून नष्ट करणें आणि माशीस आळा घालणें एवढेंच हातीं उरतें. शेंड्याकडील कोंवळीं पानें पिवळीं आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनींत पिकास लोह मिळत नाहीं असें समजावें. तेथें फेरस सल्फेटची फवारणी कामास येते. आणि शेताच्या सखल भागांतच पिवळेपणा असेल, तर पाणी सांचून मुळांस हवा मिळेनाशी झालेली असते. तेथें बाटलीपेक्षां चर खोदण्याची कुदळ अधिक उपयोगाची. आतां सांगा, या प्रश्नाचें तत्काळ उत्तर देणारा तज्ज्ञ चांगला, कीं ‘कोणतीं पानें? शेताच्या कोणत्या भागांत? पाऊस केव्हां पडला?’ असें उलट विचारणारा चांगला? नाडी न पाहतां पुडी बांधून देणाऱ्या वैद्यास आपण वैद्य म्हणत नाहीं. आणि ज्या शेतकऱ्यासमोर हे उलट प्रश्न एकदां मोठ्यानें विचारले गेले, तो पुढल्या वर्षीं ते स्वतःलाच विचारूं लागतो. शास्त्र लोकांस सुगम झालें असें म्हणावयाचें तें याच अर्थानें.

यावर कोणी म्हणेल कीं, शेतकऱ्यास उपाय हवा असतो, कारणमीमांसा नको असते. शिवाय शास्त्रज्ञास एका दिवसांत अनेक गांवें गांठावयाचीं असतात. आक्षेपांत तथ्य आहे; पण झटपट उपाय सांगण्यास औषधाचा दुकानदार समर्थ आहे, त्यासाठीं शास्त्रज्ञ कशास हवा? आणि कारण न कळतां केलेल्या उपायाची किंमत केवळ पैशांत मोजतां येत नाहीं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ च्या पावसाळ्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडोंना इस्पितळांत जावें लागलें. औषधांचीं मिश्रणें, उंच वाढलेलें पीक, अंगावर संरक्षणाचें साधन नसणें, अशीं अनेक कारणें पुढें आलीं. बाटलीवर सूचना छापलेल्या असतातच. पण छापील सूचनेस प्रतिप्रश्न विचारतां येत नाहीं. तो ज्याला विचारतां येतो असा माणूस वेळेवर भेटणें, हाच खरा प्रश्न आहे.

चांगल्या संवादाचा दुसरा गुण असा कीं, तो श्रोत्याच्या हातीं प्रयोग देतो. सोयाबीनच्या दाण्याचें साल फार नाजूक. मळणीयंत्राचा मार बसला किंवा पोत्यांची थप्पी उंच रचली कीं उगवणशक्ति घटते. म्हणून पेरणीपूर्वीं ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनें मांडावे, गुंडाळी करून ओल राखावी, आणि आठवड्याभरानें कोंब मोजावे. सत्तर वा अधिक उगवले तर बियाणें पेरणीस योग्य. त्याहून कांहीं कमी असतील तर त्या प्रमाणांत बियाणें वाढवावें. हें सांगण्यास पांच मिनिटें लागतात. परंतु त्यानंतर शेतकरी तज्ज्ञाच्या शब्दावर विसंबून राहत नाहीं. तो स्वतःच्या दाण्यास प्रश्न विचारतो आणि दाणाच त्यास उत्तर देतो. गोणपाटावर झाला म्हणून हा प्रयोग हलक्या दर्जाचा ठरत नाहीं. मोजणें, तुलना करणें आणि मग निर्णय घेणें, हीं शास्त्राचीं सारीं अंगें त्यांत आहेत.

कै. जयंत नारळीकरांचा एक परिपाठ या संदर्भांत ध्यानांत घेण्याजोगा आहे. मुलें स्वाक्षरी मागूं लागलीं, तर ते त्यांस सांगत कीं, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखालीं माझी सही येईल. २०२५ सालीं ते निवर्तले. पण या लहानशा युक्तींत केवढा विचार सांठविला आहे! सही हवी असणाऱ्यास ते प्रश्नकर्ता करून सोडीत. थोरांच्या दर्शनास येणारा जमाव आणि प्रश्न घेऊन येणारा माणूस, यांतील भेद त्यांनीं नेमका ओळखला होता.

मात्र प्रश्न कोणाचे ऐकले जातात, हेंही पाहिलें पाहिजे. निंदणीस गेलेल्या बायकांच्या नजरेस पानावरचा पहिला डाग पडतो. पण मेळाव्यांत पुढच्या रांगेंत पुरुष बसतात. मानोरा तालुक्यांत बंजारा वस्ती मोठी आहे. घरीं गोरमाटी बोलणाऱ्या माणसास पुस्तकी मराठींत शंका काढणें जड जातें, आणि जड गेलेली शंका मनांतच राहते. तज्ज्ञानें आपली भाषा उतरवावी असें आम्ही म्हणत नाहीं. ती रुंदावावी, एवढेंच म्हणतों.

संवादाचे अहवाल लिहितांना किती गांवें झालीं व किती लोक जमले याचे आंकडे दिले जातात. त्यांत आणखी एक रकाना असावा: कोणत्या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं देतां आलें नाहीं, आणि तो प्रश्न घेऊन शास्त्रज्ञ प्रयोगक्षेत्राकडे परतला कीं नाहीं. आमच्या वाचकांच्या घरांतून कित्येक मुलें-मुली कृषि महाविद्यालयांत व प्रयोगशाळांत जातात. त्यांस उत्तम मराठी बोलतां यावी अशी इच्छा आपण धरतोंच. तिच्या जोडीला, समोरचा माणूस दुसऱ्यांदा ‘कां?’ म्हणाला असतां न रागावतां थांबून राहण्याची संवयही त्यांस लावावी. ती संवय पदवीबरोबर मिळत नाहीं. ती घरांतच लागावी लागते.